दुःख दुसऱ्याच्या नावावर लिही

पोरी, तू विचारलंस, "मावशी, जन्मभर कथा लिहून तुला मिळालं काय?" पैसा फार मिळाला नाही. पण वाईट वर्षं पार पडली, मनातला राग निवला आणि उडालेली झोप परत आली. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीत दुःख कुणाला चुकलेलं नाही. कुणाचं माणूस वाघाने नेलं, कुणाचं धान पुराने, कुणाचा पोरगा दूर खाणीवर कामाला गेला तो बोलेनासा होऊन परतला. सगळ्यांनीच लिहावं असं मी म्हणत नाही. पण तुला लिहावंसं वाटतंय, तर बस जरा, चहा घे. आणि तुझ्या सवयीप्रमाणे शेवट आधी वाचू नकोस.

१. जखमेवर पहिल्यांदा लिहायला बसशील तेव्हा 'मी' लिहू नको, 'ती' लिही — 'मी' म्हटलं की रडू पुढे पळतं आणि वाक्य मागे राहतं. 'ती' म्हटलं की आधी तिला पाणी विचारावंसं वाटतं.

२. तिला वेगळं नाव दे, वेगळं गाव दे, हाताला वेगळं काम दे — तिच्या कामाची चौकशी करता करता आपलं स्वतःभोवती घुटमळणं सुटतं.

तुझे काका गेले त्या वर्षी मला रात्र खायला उठायची. मी नागभीड स्टेशनावर चहा विकणारी एक बाई लिहायला घेतली. नागपूरची छोटी गाडी सुटली की ती रिकाम्या फलाटावर कपबशा विसळत बसते, घरी जायचं टाळते. कारण घरी बाज एक आणि उशा दोन. ते उशांचं वाक्य कागदावर आलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मीही दुसरी उशी रोज झटकून जागेवर ठेवते आहे. त्या बाईने उशीचं काय करावं हे ठरवायला मला अख्खा पावसाळा लागला. तिने ती फलाटावर बसून बसून कंबर धरलेल्या म्हाताऱ्या हमालाला दिली. मग मीही माझी एका गरजूला देऊन टाकली. स्वतःला जे सांगता येत नव्हतं, ते तिच्याकडून करवून घेता आलं.

ही वाट जुनीच आहे. साने गुरुजींचं नाव पांडुरंग. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी आईबद्दल लिहिलं, तेव्हा बोलायला श्यामला बसवलं, आणि तो श्याम बेचाळीस रात्री बोलला. आपल्या शेजारच्या हिंगणघाटचे उद्धव शेळके घे. १९६० साली आलेल्या त्यांच्या 'धग'मधली कौतिक संसार ओढता ओढता झिजते, पण लेखक तिच्यासाठी वाचकाकडे दयेची भीक मागत नाही. तिला तिच्या वऱ्हाडीत ताठ उभी राहू देतो. ते पुस्तक वाचलं नसशील तर माझ्याकडून घेऊन जा. परत मात्र आण, मागचं एक अजून तुझ्याकडेच आहे.

३. रोज थोडंच लिही, पंधरा-वीस मिनिटं, आणि वेळ झाली की वाक्य अर्धं असलं तरी ऊठ — अर्धं वाक्य उद्या तुला हाक मारतं, पुरं झालेलं झोपी जातं.

४. लिहून उठल्याबरोबर हलकं वाटलं नाही तर घाबरू नको — त्या दिवशी मन जड होणारच, उतार मागून पडतो.

ही माझ्या घरची समजूत नव्हे. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनावर घाव घातलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी घडलेलं आणि त्यावेळी वाटलेलं असं दोन्ही लिहिलं, ते लिहिल्यावर लगेच जास्त उदास झाले. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. पुढे १९९६ साली ग्रीनबर्ग, वॉर्टमन आणि स्टोन यांनी काही मुलींना स्वतःचं दुःख सोडून कल्पनेतल्या, दुसऱ्या कुणाच्या तरी दुःखावर लिहायला सांगितलं. या मुलींनी स्वतः आयुष्यात घाव सोसलेले होते. त्यांच्याही दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या, आणि लिहिल्यावर लगेच त्या स्वतःचं लिहिणाऱ्यांपेक्षा कमी उदास होत्या. मला तर हे वाचून फार बरं वाटलं. माझ्या नागभीडच्या बाईने काय केलं होतं, ते कुणीतरी मोजून दाखवलं होतं.

५. लिहून झालं की हाताला काम दे: भांडी घास, परसातल्या वांग्यांना पाणी घाल, तांदूळ निवड — वही मिटली की चूल पेटली पाहिजे, नाहीतर मन त्या पानातच बसून राहतं.

६. रात्री दहानंतर जखमेवर लिहू नको — रात्रीचं दुःख दुप्पट दिसतं, आणि सकाळी खोडायला बसलं की खरंही खोडलं जातं.

७. मोठ्या प्रसंगाची सुरुवात लहान वस्तूपासून कर — मोठा प्रसंग अंगावर येतो, लहान वस्तू हातात धरता येते.

याचं उदाहरण देते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात वाघाने माणूस नेल्याच्या बातम्या येतच राहतात. मार्च-एप्रिलमध्ये बाया उजाडायच्या आत मोहफुलं वेचायला जातात. झाडाखाली वाकून बसलेली बाई दुरून माणूस वाटतच नाही. मला अशी एक कथा लिहायची होती आणि लिहिता लिहिता हात थांबायचा. शेवटी मी वाघ लिहिलाच नाही. टोपली लिहिली. झाडाखाली तशीच राहिलेली, अर्धी भरलेली. दुपारपर्यंत फुलं तपकिरी पडली, गोड आंबूस वास सुटला, मुंग्यांची रांग लागली. संध्याकाळी सासू ती टोपली घरी घेऊन आली आणि तिने फुलं अंगणात वाळत घातली. कारण घरात शोक होता तरी फुलं विकायची होती. एवढीच कथा. ती ऐकून ज्या घरात असं घडलं होतं तिथली एक बाई मला म्हणाली, "आता पुढचं मी सांगते." आणि ती बोलायला लागली.

८. दुसऱ्याचं दुःख घेतलंस तर त्याला विचारून घे आणि छापायच्या आधी वाचून दाखव — नाव बदललं, गाव बदललं, तरी ज्याचं त्याला ओळखू येतं.

९. वहीत खरं नाव, खरा पाडा, खरी तारीख कधी लिहू नको — आपल्याकडे वही कुणाच्या हाती पडेल याचा नेम नाही, आणि तुझ्या कथेपायी कुणाच्या दारात चौकशी यायला नको.

भामरागडकडच्या माणसांना हे जास्त सांगावं लागत नाही. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात राहून काम केलेल्या विलास मनोहरांनी 'एका नक्षलवाद्याचा जन्म' लिहिलं ते कादंबरी म्हणून. माडिया आदिवासी तरुणाची घुसमट, दोन बंदुकांमध्ये सापडलेलं गाव, हे सगळं कुठल्याही एका घराकडे बोट न दाखवता सांगता आलं. कादंबरीचा हा उपयोग मला फार मोठा वाटतो: खरं सांगायचं आणि माणूसही वाचवायचा.

१०. ज्याने तुला दुखावलं त्याला कथेत आणलंस तर त्याच्या हातून एक तरी चांगलं काम करवून घे — त्याच्यासाठी नाही गं, तुझ्यासाठी. निव्वळ दुष्ट माणूस लिहिला तर तो डोक्यात घर करून राहतो.

११. पात्राला त्याच्या बोलीत बोलू दे, झाडीबोली असो की माडिया वळणाची मराठी — दुखलं की माणूस शाळेच्या भाषेत ओरडत नाही.

१२. शेवट गोड करायची घाई करू नको, आणि सगळ्यांना मारूनही टाकू नको — तुझी ती जुनी खोड मला ठाऊक आहे. पात्र जगलं तर ते कसं जगलं हे तुला शोधावं लागतं, आणि ते शोधणंच उपयोगी पडतं.

१३. खोली नाही, टेबल नाही, म्हणून थांबू नको — अण्णाभाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहिले, आणि १९५९ साली 'फकिरा' वाचकांच्या हातात आली.

१४. पावसाळ्यात पेन्सिलीने लिही — ओलसर कागदावर शाई फुटते, पेन्सिल टिकते. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढून भामरागड तुटलं तरी लिहिणं तुटत नाही.

१५. वही जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नको, पत्र्याच्या डब्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेव आणि महिन्याला एकदा ऊन दाखव — वाळवीला साहित्याची फार आवड.

१६. मे महिन्यात पहाटेच लिही आणि उन्हं चढली की पडून राहा — चंद्रपूरच्या उन्हात चांगलं माणूस चिडतं, आणि चिडून लिहिलेली पात्रं उगाच भांडतात.

१७. धानाच्या रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत लिहिणं सुटलं तर सुटू दे, फक्त एक ओळ टिपून ठेव — सुटलेलं लिहिणं परत येतं, सुटलेली रोवणी येत नाही.

१८. लहान कथेला कमी लेखू नको — १९७९ साली आपल्या चंद्रपुरात साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्षपदी वामन कृष्ण चोरघडे होते, आणि त्यांची ओळख लघुकथेचीच.

१९. कथा पाठवण्याआधी तिची प्रत घरी ठेव, आणि 'साभार परत' आली तर आठ दिवस तिच्याकडे पाहू नको — परत येते ती कथा, तू नव्हेस. हे समजायला आठ दिवस लागतातच.

२०. रागाच्या भरात वही जाळू नको, फार तर माझ्याकडे ठेवायला दे — जळलेलं पान दुरुस्त करता येत नाही, आणि आज नकोसं वाटणारं पान पाच वर्षांनी लागतं.

२१. लिहिलेलं कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखव — डोळ्यांना न दिसलेला खोटेपणा कानाला ऐकू येतो.

कथा ऐकण्या-ऐकवण्यासाठी आपल्या झाडीपट्टीसारखी जागा नाही. दिवाळीनंतर धान घरात येतं, मंडईची जत्रा भरते आणि वडशाच्या मंडळ्यांची नाटकं गावोगाव रात्रभर चालतात. ज्या बाया दिवसभर धुऱ्यावर एक शब्द बोलत नाहीत, त्या पहाटे तीन वाजता नाटकातल्या सुनेसाठी पदर तोंडाला लावून रडतात. मग शेजारणीला चहा देतात आणि स्वतःच्या सुनेबद्दल बोलायला लागतात. शहरातली माणसं या नाटकांना भडक म्हणून नाकं मुरडायची. २०२३ साली गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना या रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा मला घरचं लग्न असल्यागत आनंद झाला. एकदा अशा रात्री स्टेजकडे पाठ करून बस आणि नुसती माणसं पाहा. कथा लोकांच्या कुठल्या कामी येते ते तिथे दिसतं.

२२. लिहिता लिहिता माणसांत जाणं सोडू नको. हळदीकुंकू, बारसं, मयत, सगळीकडे जा — पात्रांशी बोललं म्हणजे माणसांशी बोललं असं होत नाही.

२३. सलग काही दिवस झोप नाही, जेवण नाही, आणि जगावंसं वाटत नाही असं पानावर उतरायला लागलं, तर वही बाजूला ठेव आणि त्याच दिवशी घरच्यांना सांग, जिल्हा रुग्णालयात जा, किंवा १४४१६ वर फोन कर — सरकारची 'टेली मानस' ही सेवा २०२२ पासून आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येतं. लिहिण्याने मन सावरतं, पण औषध लागेल तिथे औषधच लागतं. यात कमीपणा मानणारं कुणी भेटलं तर माझ्याकडे पाठव.

२४. दिवाळीनंतर मंडईला घरी ये आणि वही आण — मी ती हातात घेणार नाही; तू वाचायचंस आणि मी ऐकायचं.