आपली गोष्ट आपण लिहावी



तुमच्या पणजीचे नाव काय? जरा आठवून पाहा. पणजोबांचे नाव जुन्या फेरफारात सापडेल. पणजीचे सापडणे अवघड.

आम्ही पस्तीस वर्षे शाळेत मुलांची नावे हजेरीपटावर लिहिली. परवा आमच्या नातीने विचारले, "आजोबा, तुमच्या आजीचं नाव काय होतं?" आम्ही गप्प बसलो. घरात सगळे तिला 'म्हातारी'च म्हणत. वडिलांना नाव ठाऊक होते. पण ते होते तोवर आम्ही विचारले नाही. आता कोणाला विचारणार? त्याच दिवशी आम्ही एक वही आणली आणि आठवणी लिहायला बसलो.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, तुम्ही शिकलेले. आम्ही आत्ता कुठे अक्षर जुळवतो. आम्ही काय लिहिणार?" तर मग ही गोष्ट ऐका.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचे गाव आहे. पूर्वी ते सातारा जिल्ह्यात होते. तेथे कुर्लेकरांच्या घरी १८६२ साली एक मुलगी जन्मली. त्या घरात मुलींना शिकवायची रीत नव्हती. १८७३ साली, अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले. तेव्हा तिला अक्षर येत नव्हते. तिचे पती म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. त्यांनी तिला घरीच शिकवायला सुरुवात केली. घरातल्या बायकांना ते रुचले नाही. तिला बोलणी खावी लागली. पण तिने पाटी सोडली नाही.

या मुलीचे नाव रमाबाई रानडे. न्यायमूर्ती १९०१ साली वारले. पुढे १९१० साली रमाबाईंचे पुस्तक निघाले, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. ते आजही लोक वाचतात. सभेतले रानडे पुष्कळांनी पाहिले होते. घरातले रानडे मात्र रमाबाईंनाच लिहिता आले.

याच देवराष्ट्रे गावी, आजोळी, १९१३ साली यशवंतराव चव्हाण जन्मले. १९६० साली ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांचे 'कृष्णाकाठ' हे आत्मचरित्र १९८४ साली निघाले. त्यात त्यांनी घरची गरिबी आणि आई विठाबाईंचे कष्ट लिहून ठेवले आहेत. गरिबी सांगायला ते लाजले नाहीत.

आता वही कशी लिहावी ते पाहू.

पहिल्या पानावर घरच्या माणसांची नावे लिहा. बायकांची माहेरची नावे आणि गावेही लिहा.

साल आठवत नसेल तर मोठ्या घटनेचा आधार घ्या. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. मोठा दुष्काळ १९७२ चा. "भूकंप झाला तेव्हा थोरली रांगत होती," एवढे आठवले तरी साल मिळाले.

बोलता तसे लिहा. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर चुकू द्या. नातवंडे चुका मोजत नाहीत.

खरे लिहा. आम्ही आधी दहा पाने बदल्या आणि सत्कार यांचीच लिहिली. नात जांभया देऊ लागली. मग आम्ही एक जुनी गोष्ट लिहिली. मॅट्रिकच्या फीसाठी आईने गळ्यातले डोरले गहाण टाकले. ते पुढे सुटले नाही. आम्ही नोकरीला लागलो, पण तिला नवे करून दिले नाही. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता ती गेली. ते पान नातीने दोनदा वाचले. मग म्हणाली, "आजोबा, तिचं नाव कुठं लिहिलंय?" आम्ही नुसते 'आई' लिहिले होते! लगेच वर नाव घातले.

भाऊबंदकी लिहायची तर आपली चूकही लिहा. कोणाची अब्रू जाईल असे मात्र लिहू नका. वही म्हणजे कोर्टातला दावा नव्हे.

रोज पाच ओळी पुरेत. आज दिवा मालवण्याआधी पहिले नाव लिहा.

अभ्यास

१. लग्न झाले तेव्हा रमाबाईंना लिहिता येत होते काय?

२. आपल्या आईचे व आजीचे नाव आणि त्यांचे माहेरचे गाव लिहा.

३. घरातल्या सर्वांत वडील माणसाला लहानपणीची एक गोष्ट विचारा. ती त्यांच्याच शब्दांत लिहून त्यांना वाचून दाखवा.