बाथरूमचं काम काढताय? आधी टाइलमागचा खर्च मांडा

‘कम्प्लीट करून देतो साहेब, एक-दहात बसवू.’ बाथरूमवर एक नजर टाकून ठेकेदार असा आकडा सांगतो आणि तो डोक्यात ठेवून आपण टाइल्सच्या दुकानात जातो. बजेट बिघडायला सुरुवात इथेच होते. त्या एक लाख दहा हजारांत काय धरलंय आणि काय सोडलंय, हे दोघांपैकी कुणीच बोललेलं नसतं. राडारोडा कोण उचलणार, गिझरची वायर नवी की जुनीच, टाइल्सचा भाव जीएसटी धरून की सोडून, यावरून मग काम अर्ध्यावर आल्यावर कुरबुरी सुरू होतात.

खाली दिलेले आकडे नाशिकमधल्या मध्यम दर्जाच्या कामाचा अंदाज म्हणून धरा. मजला, लिफ्ट, ब्रँड आणि हंगाम यांप्रमाणे ते वर-खाली होतील. आकड्यांपेक्षा मांडणी महत्त्वाची. प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न विचारा: ही गोष्ट पुढे टाइल न फोडता बदलता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तिथे हात आखडता घेऊ नका. ‘हो’ असेल, तर आज स्वस्तात भागवा.

फोडण्याआधी गळती ओळखा

बहुतेक कामं हौसेने निघत नाहीत. खालच्या मजल्यावरचे शेजारी छताचा ओला डाग दाखवतात तेव्हा निघतात. तो डाग नीट पाहिला तर कधीकधी सगळं बाथरूम फोडायची गरजच उरत नाही. थेंब दिवसरात्र सारखा पडत असेल, तर बहुधा पाण्याची लाइन फुटलेली असते. अंघोळी झाल्यावर ओल वाढत असेल, तर नहाणी ट्रॅप, सांडपाण्याचा पाइप किंवा वॉटरप्रूफिंग यांत दोष असतो. डाग फक्त पावसाळ्यात वाढून उन्हाळ्यात सुकत असेल, तर आधी बाहेरची भिंत आणि डक्टमधले पाइप तपासा.

खर्च कुणाचा, हेही इथेच ठरतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. घरातल्या संडास, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा. फ्लॅट नवा असेल तर आणखी एक दार उघडं आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. अशा वेळी फोटो काढा, लेखी तक्रार द्या आणि मगच हातोडा लावू द्या. आधी फोडलंत तर ‘तुम्हीच काम बिघडवलं’ असं म्हणायला बिल्डर मोकळा.

माप घ्या, मग भाव विचारा

उदाहरण म्हणून ७ बाय ५ फुटांचं बाथरूम घेऊ. जमीन ३५ चौरस फूट. चार भिंतींची एकूण लांबी २४ फूट. ७ फूट उंचीपर्यंत टाइल लावली तर १६८ चौरस फूट. त्यातून दाराचे १७-१८ चौरस फूट वजा करा: १५०. जमीन धरून १८५, आणि कापण्यात-फुटण्यात जाणारे दहा टक्के मिळवून साधारण २०५ चौरस फूट. हा आकडा घेऊन दुकानात गेलात की गरजेपेक्षा चार पेट्या जास्त कुणी गळ्यात मारणार नाही.

याच बाथरूमचा मध्यम दर्जाचा हिशेब असा:

- फोडकाम आणि राडारोडा: १०,००० ते १४,००० रुपये
- वॉटरप्रूफिंग आणि कोबा: १२,००० ते २०,०००
- प्लंबिंग, मजुरी आणि पाइपांसह: १६,००० ते २६,०००
- टाइल्स: ९,००० ते १५,०००
- टाइल्सची मजुरी, सिमेंट, वाळू, अॅडहेसिव्ह, ग्राउट: १४,००० ते २०,०००
- कमोड, बेसिन, नळ, शॉवर: २५,००० ते ४५,०००
- वायरिंग, एक्झॉस्ट पंखा, गिझर: १२,००० ते २०,०००
- दार आणि खिडकी: ६,००० ते १०,०००

बेरीज १,०४,००० ते १,७०,०००. त्यावर १५ टक्के राखीव ठेवा, म्हणजे तयारी १,२०,००० ते १,९५,००० रुपयांची हवी. राखीव रक्कम ठेकेदाराला सांगू नका. मात्र ती हाताशी हवीच, कारण फोडल्यावर आत काय निघेल याचा अंदाज त्यालाही नसतो. सिडकोतली जुनी घरं किंवा पंचवटीतल्या जुन्या इमारती असतील, तर गंजलेले जीआय पाइप आणि सांध्यांत पाझरणारे बिडाचे पाइप निघण्याची तयारी ठेवा.

राडारोड्याची ओळ क्षुल्लक वाटते, पण घंटागाडीत तो टाकता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरून गोणी उतरवायच्या आणि लिफ्ट वापरायला सोसायटीची मनाई असेल, तर हमालीच गाडीभाड्याएवढी होते. ‘उचलून नेण्यासह’ हे शब्द कोटेशनमध्ये हवेतच.

सगळ्यात महाग ठरणारी स्वस्त गोष्ट

फोडकामाचे दहा हजार वाचवायला ‘टाइलवर टाइल’ सुचवली जाते. गळती नसेल आणि जुनी टाइल पोकळ वाजत नसेल, तर ते चालतं. मात्र जमिनीची पातळी वर येते, दार खालून कापावं लागतं आणि पाणी खोलीत येण्याची भीती राहते. गळती असेल तर हा मार्ग सोडाच. खालची ओल तशीच राहते.

पूर्ण काम काढलंत तर वॉटरप्रूफिंगच्या दिवशी घरी थांबा. जुना कोबा काढून स्लॅब झाडून-धुऊन स्वच्छ झाला का, भिंत आणि जमीन मिळतात तो कोपरा गोलाकार भरला का, पाइप जिथे स्लॅबमधून जातो तिथे भरणा नीट झाला का, हे पाहा. शॉवरच्या भिंतीला वॉटरप्रूफिंग जमिनीपुरतं न ठेवता वरपर्यंत चढवून घ्या. मग चाचणी. नहाणी ट्रॅपमध्ये कापडाचा बोळा घट्ट कोंबायचा, दोन-तीन इंच पाणी भरायचं आणि पाण्याच्या रेषेवर भिंतीला पेन्सिलने खूण करायची. किमान २४ तास, जमल्यास ४८ तास पाणी तसंच ठेवा. खुणेपासून पाणी फार उतरलं का ते बघा आणि खाली जाऊन शेजाऱ्यांचं छतही बघून या. ही चाचणी फुकट आहे. तरी ‘गरज नाही, आपलं काम पक्कं असतं’ म्हणत ती टाळली जाते. तिथे अडून बसा.

पाइपांचंही तेच. गरम पाण्याला सीपीव्हीसी, थंडाला यूपीव्हीसी किंवा सीपीव्हीसी, आणि प्लास्टर करण्याआधी हातपंपाने दाब देऊन तपासणी. जमिनीला नहाणीकडे दर मीटरला साधारण एक सेंटिमीटर उतार हवा. टाइल बसली की बादलीभर पाणी ओतून बघा. कोपऱ्यात तळं साचलं, तर सिमेंट ओलं असतानाच ती टाइल उचलायला लावा.

गिझरसाठी वायर जुनीच वापरू नका. २००० वॉटचा गिझर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतो. त्याला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, चालू अर्थिंग आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. जिवाच्या सुरक्षेत काटकसर नको.

दुकानात फसगत कुठे होते

टाइल्स बहुतेक गुजरातच्या मोरबीहून येतात. एकाच डिझाइनच्या दोन लॉटमध्ये रंगछटा वेगळी निघू शकते, म्हणून सगळ्या पेट्यांवरचा लॉट आणि शेड नंबर एकच आहे ना, ते दुकानातच पाहा. तीन-चार टाइल्स जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवा. जमिनीला खरखरीत, न घसरणारीच टाइल घ्या. घरात आजी-आजोबा असतील तर चकचकीत टाइलचा मोह आवरा. भाव विचारताना जीएसटी, गाडीभाडं आणि हमाली धरून विचारा. टाइल्सवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ५० रुपयांची टाइल ५९ रुपयांना पडते. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. कोटेशन जुन्या दराचं तर नाही ना, ते तपासा.

कमोड घेण्याआधी घरचं भोक मोजा. सांडपाण्याचा पाइप जमिनीत जात असेल तर एस-ट्रॅप, भिंतीत जात असेल तर पी-ट्रॅप. एस-ट्रॅपमध्ये टाइल लावलेल्या भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर महत्त्वाचं. साधारण ४, ९ आणि १२ इंचांचे कमोड मिळतात. हे माप चुकलं तर कमोड परत जातो किंवा नवी जमीन पुन्हा फुटते.

मोठ्या शॉवरच्या मोहात पडण्याआधी पाण्याचा दाब बघा. टाकी दहा मीटर वर असेल तर साधारण एक बार दाब मिळतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी जेमतेम तीन मीटर वर असते, म्हणजे दाब ०.३ बार. एवढ्या दाबाला छतातला पावसाळी शॉवर नुसता ठिबकतो आणि मग प्रेशर पंपाचा वेगळा खर्च अंगावर येतो. बोअरचं पाणी असेल तर क्षार बसून शॉवरची भोकं बुजतात आणि काळ्या रंगाच्या नळांवर पांढरे डाग उठून दिसतात. तिथे साधे क्रोमचे नळ बरे.

ठेकेदाराशी व्यवहार

काम उक्तं द्यायचं की रोजंदारीवर? फोडल्यावर काय निघेल याचा नेम नाही अशा जुन्या घरात फोडकाम रोजंदारीवर आणि पुढचं सगळं उक्तं, ही वाटणी सोयीची. वस्तू तुम्ही आणा, सिमेंट-वाळू ठेकेदाराला आणू द्या. कोटेशन किमान तिघांकडून घ्या, पण तिघांनाही वरची तीच आठ ओळींची यादी द्या. तरच भावांची तुलना होईल.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या: सुरुवातीला २० टक्के, पाण्याची आणि पाइपांची चाचणी झाल्यावर ३०, टाइल पूर्ण झाल्यावर ३०, नळ-कमोड बसल्यावर १० आणि वापर सुरू होऊन पंधरा दिवसांनी उरलेले १०. हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. बिलं जपून ठेवा. नळ आणि गिझरची वॉरंटी बिलाशिवाय मिळत नाही. काम बिघडवून कुणी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. तक्रार २ वर्षांच्या आत करायची असते.

काम अडीच ते तीन आठवडे चालेल असं धरा. घरात एकच बाथरूम असेल तर तेवढ्या दिवसांची सोय आधी लावा. दिवाळी, छठ आणि होळीच्या तोंडावर काम काढू नका. कारागीर गावी जातात. २०२७ च्या सिंहस्थाची कामं शहरात सुरू असताना चांगला गवंडी एका जागी टिकेल, हेही गृहीत धरू नका. तारखा आधीच ठरवून घ्या.

पैसे कमी पडत असतील तर

टाइल न फोडता बदलता येईल का, या सुरुवातीच्या प्रश्नाची चाळणी लावा. जुना गिझर चालू आहे? तोच ठेवा, फक्त वायर नवी घाला. आठ हजार वाचले. दार टिकाऊ आहे? सहा हजार वाचले. कमोड साधा पांढरा, नळ साधे, काचेचं पार्टिशन आणि बेसिनखालचं कपाट पुढच्या वर्षी. आणखी दहा हजार. यादीतला खालचा आकडा १,०४,००० वरून ८०,००० वर येतो आणि वॉटरप्रूफिंग, पाइप, वायर यांतला एक रुपयाही कमी होत नाही.

भिंतीत गाडलेला डायव्हर्टर आणि आत लपवलेली फ्लश टाकी यांबाबत मात्र विचार करा. बाहेरून साध्या दिसत असल्या, तरी बिघडल्यावर त्यांच्यासाठी टाइल फुटू शकते. हात तंग असताना बाहेर बसणारा वॉल मिक्सर आणि बाहेरची टाकी घ्या. दोन्ही पाना घेऊन अर्ध्या तासात बदलता येतात.

टाइल लावण्याआधी चारही भिंतींवर टेप धरून पाइपांचे आणि वायरींचे फोटो काढून ठेवा. उद्या आरशासाठी भिंतीत ड्रिल मारायची वेळ आली, की कुठे मारायचं नाही ते त्यावरून कळेल.