तारीख कोणी सांगितली?

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसं इतकी कशी, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? बेळगावच्या कुठल्याही गल्लीत विचारा, दोन-चार तरी सापडतील. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. बाप पोराला घेऊन यायचा, जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची, मग गुरुजी पहिलीत बसण्याइतकं वय भरेल असं साल धरून १ जून लिहून टाकायचे. पुढे तीच तारीख सरकारी नोकरीत गेली आणि तिच्याच हिशेबानं माणसं ३१ मेला रिटायर झाली.

माझे आजोबाही त्यातलेच. पण कॅथलिक असल्यामुळे त्यांची दुसरी एक तारीख चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत आहे, आणि ती नोव्हेंबरातली. बाप्तिस्मा जन्मानंतर थोड्याच दिवसांत झाला, तेव्हा आई-बाप आणि गॉडपेरंट समोर उभे होते. शाळेतली नोंद त्यानंतर सहा वर्षांनी, अंदाजानं झाली. मला विचाराल तर वही खरी. पण पेन्शन १ जूनवर मिळाली.

आपण अभ्यासक्रमात पाठचिकित्सा शिकतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे परीक्षेत लिहितो. तिथला पहिला धडा असा की, एकाच प्रतीवरून उतरवलेल्या पाच प्रती म्हणजे पाच साक्षीदार नव्हेत. आपल्या पाकिटातल्या कार्डांना हाच नियम लावून बघा. मार्क्स कार्डावरून आधार, आधारवरून पॅन, पॅनवरून बँक. सगळीकडे तारीख जुळते म्हणून आपण निश्चिंत असतो, पण मूळ नोंद कुणाच्या सांगण्यावरून झाली हे कुणी बघतच नाही.

सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये नेमकं हेच विचारलं. बिरदमल सिंघवी विरुद्ध आनंद पुरोहित हा खटला राजस्थानातल्या विधानसभा निवडणुकीचा, आणि वाद उमेदवारांच्या वयाचा. शाळेच्या रजिस्टरातली नोंद पुढे केली गेली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की ती तारीख कोणी सांगितली, कशाच्या आधारावर लिहिली, हे पुढे आल्याशिवाय नुसत्या नोंदीला फारसं वजन नाही.

आता आधार. कार्ड तुम्ही कोण ते सांगतं. तुम्ही कधी जन्मलात, हा वेगळा प्रश्न आहे. नोंदणीच्या वेळी कागद नसेल तर तोंडी सांगितलेली किंवा अंदाजे तारीखसुद्धा घेण्याची सोय त्यात होती. म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये प्राधिकरणानं परिपत्रक काढून आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही असं स्पष्ट केलं. पाठोपाठ भविष्य निर्वाह निधीवाल्यांनी जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढून टाकलं. गंमत म्हणजे मतदार नोंदणीच्या फॉर्म ६ मध्ये वयासाठी आधार चालतं! एकच कागद एका खिडकीवर पुरतो, दुसऱ्या खिडकीवर पुरत नाही. म्हणून 'आधार आहे ना' एवढ्यावर थांबू नका.

जन्मदाखल्याचा मान मोठा आहे तो नोंद जन्माच्या जवळची असते म्हणून. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म २१ दिवसांत कळवायचा असतो. दवाखान्यात झाला तर दवाखान्यानं, घरी झाला तर कुटुंबप्रमुखानं. म्हणजे 'कोणी सांगितलं' याचं उत्तर तिथे लेखी असतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, लायसन्स, मतदार यादी, पासपोर्ट या सगळ्यांसाठी तोच एक दाखला धरला जाईल. आपण त्याआधीचे. आपल्याला पासपोर्टसाठी शाळेचा दाखला, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स यांचा पर्याय अजून आहे.

हे सगळं फक्त खिडकीवरच्या रांगेपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. सतरा वर्षांच्या मुलीचं लग्न उरकायचं ठरलं की घरातून सर्वांत आधी तिच्या वयाचा कागद 'हरवतो', आणि अठरा दाखवणारं काहीतरी पुढे येतं. पोलिसांनी पकडलेला पोरगा सतरा वर्षांचा की एकोणीस, यावर तो बाल न्याय मंडळापुढे जाणार की मोठ्यांच्या कोर्टात, हे ठरतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये पुराव्यांचा क्रम लिहून ठेवला आहे. आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. शाळेचा दाखला पहिला का? १ जूनच्या गोष्टीनंतर मला हा क्रम खटकतो. पण शाळेत गेलेल्या गरीब मुलाकडे बहुधा तेवढाच कागद असतो, हेही खरं. मैत्रिणीवर अशी वेळ आली तर तिच्या मार्क्स कार्डाचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये असू द्या, आणि १०९८ हा नंबरही.

नावाचं दुखणं आपल्या लोकांत जास्त. डिसोझा हे आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहितात. कुठे अपॉस्ट्रॉफी, कुठे जोडून, कुठे मध्ये जागा सोडून. आणि बऱ्याच ऑनलाइन फॉर्मना अपॉस्ट्रॉफी मुळात चालतच नाही. त्यात बाप्तिस्म्याचं नाव एक, घरी हाक मारायचं दुसरं, आणि आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे शाळेत नुसतं इनिशियल. पासपोर्टला इनिशियल फोडून पूर्ण नाव द्यावं लागतं. माझा सल्ला असा, की दहावीच्या मार्क्स कार्डावरचं स्पेलिंग प्रमाण माना आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. आधारमधलं नाव दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख तर एकदाच. त्यामुळे घाईनं सायबर कॅफेत बसून बदलू नका.

जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी असेल (पुष्कळांच्या असते, कारण नोंद झाली तेव्हा बारसं किंवा बाप्तिस्मा व्हायचा होता), तर वर्षभरात नाव फुकट भरता येतं, नंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क देऊन. धाकटं भावंड असेल तर आजच कपाट उघडून बघा. आणि नोंदीतच चूक असेल तर निबंधक ती खोडत नाही. कलम १५ प्रमाणे मूळ नोंद तशीच ठेवून समासात दुरुस्ती लिहितो, सही करतो, तारीख घालतो. आमच्या चर्चच्या वहीतही असंच चालतं. माणसाचं लग्न झालं की त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात ते लिहिलं जातं. आजोबांच्या नोंदीशेजारी आजीचं नाव आहे, फादरांच्या बारीक अक्षरात.