संगणकातील कामाचा फेरफार

अक्कलकुवा असो वा धडगाव, जमिनीचा मालक बदलला म्हणून सातबाऱ्यावरील जुने नाव पुसले जात नाही. ते कमी केल्याची खूण होते व फेरफार क्रमांक पडतो. बदल केव्हा व का झाला, हे गाव नमुना ६ सांगतो.

शाळा वा ग्रामपंचायतीसाठी एकट्याने संगणक-कार्यक्रम लिहिणाऱ्यानेही हीच शिस्त पाळावी. 'अंतिम', 'अंतिम-२' अशा फोल्डरांच्या गर्दीत कोणता बदल कशासाठी केला, हे पुढे त्याचे त्यालाच उमगत नाही. लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेली 'गिट' ही विनामूल्य प्रणाली त्यावर उपाय होय.

प्रथम फोल्डरची स्वतंत्र प्रत काढावी. 'गिट इनिट' या आज्ञेने नोंदवही उघडावी. पासवर्ड व लाभार्थ्यांची माहिती असलेल्या फायली 'गिटइग्नोर' यादीत घालून वगळाव्यात. कारण इतिहासात एकदा गेलेली फाइल नुसती काढून टाकल्याने नाहीशी होत नाही. मग 'गिट ॲड'ने उरलेल्या फायली निवडून 'गिट कमिट'ने पहिली नोंद करावी. पुढील प्रत्येक बदल कारणासह नोंदवावा. हा इतिहास त्याच फोल्डरमध्ये राहतो. म्हणून त्याची एक प्रत अन्यत्र ठेवणे अगत्याचे आहे.

असे केल्यास कर्मचाऱ्याची बदली झाली तरी गावाचे काम अडणार नाही.