ऋतुसंधी आणि निवास : इंग्लंडच्या कालव्यांवरील नौकाजीवन

ऋतुवर्णनपर लेखन वाचताना आपले लक्ष फुले, पक्षी, वारा यांच्याकडे जाते. ज्या घरातून तो ऋतू पाहिला जातो, त्या घराचा विचार आपण क्वचितच करतो. भिंती जाड असल्या की ऋतू खिडकीबाहेर राहतो. पण भिंत पोलादी पत्र्याची असेल आणि घरच पाण्यावर तरंगत असेल तर? इंग्लंडमधील कालव्यांवर नॅरोबोटीत बारमाही राहणाऱ्या लोकांच्या जीवनावरून या प्रश्नाचा विचार करता येतो. विशेषतः हिवाळा सरून वसंत लागतो तो काळ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

‘नॅरोबोट’ म्हणजे अरुंद नाव. हिची रुंदी जेमतेम 7 फूट आणि लांबी जास्तीत जास्त सुमारे 70 फूट असते. हे चमत्कारिक प्रमाण अठराव्या शतकातील कालव्यांमुळे ठरले. उंचसखल प्रदेशातून नावा चढवण्या-उतरवण्यासाठी जी दारांची कुंडे बांधली, त्यांना ‘लॉक’ म्हणतात. इंग्लंडच्या मध्यभागातील अनेक लॉक सुमारे 7 फूट रुंदीचे असल्याने नावही तेवढीच झाली. कोळसा, चिनी माती, धान्य यांची वाहतूक या नावांतून चाले. काठच्या वाटेने घोडा नाव ओढत असे आणि नावाड्याचे सगळे कुटुंब मागच्या बाजूच्या सुमारे 10 फूट लांबीच्या खोलीत राहत असे. रेल्वे आणि मोटारींनी हा धंदा खिळखिळा केलाच होता. 1962-63च्या कडक हिवाळ्यात कालवे अनेक आठवडे गोठून राहिले आणि मालवाहू नॅरोबोटींचा उरलासुरला व्यवसायही जवळजवळ संपला. एका ऋतूने एका व्यवसायाच्या अखेरीला हातभार लावावा, ही गोष्ट ऋतूंकडे केवळ सौंदर्यदृष्टीने पाहणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आज या नावा प्रामुख्याने सहलीसाठी वा निवासासाठी वापरल्या जातात. नावेत राहणाऱ्यांपैकी काहींनी हे जीवन आवडीने स्वीकारले आहे, तर काहींना शहरातील घरभाडे परवडत नाही. दोघांचाही हिवाळा मात्र सारखाच. घराचे केंद्र म्हणजे कोळशाची लहानशी लोखंडी शेगडी. ती रात्री विझली की पहाटे आतल्या माणसाचा श्वास दिसू लागतो. पेटती ठेवली तर आतली बाष्पयुक्त हवा थंड काचांवर आणि उघड्या धातूवर पाणी होऊन ओघळते. खिडक्या पुसणे हे रोजचे काम होते. हवा खेळती ठेवावीच लागते, कारण कोंदट नावेत शेगडीचा विषारी वायू साचणे जीवघेणे ठरते. ऊब हवी तर खिडकी लावावी आणि जगायचे तर झरोका उघडा ठेवावा, असा हा पेच आहे. काठावरचे नळ गोठले तर टाकीतले पाणी पुरवून वापरावे लागते. बर्फात नाव हाकणे शिष्टसंमत नाही. फुटलेल्या बर्फाच्या धारदार कडा आपल्याच नव्हे, शेजारच्या नावांच्या तळावरचेही डांबर खरवडतात.

वसंताची पहिली खूण येथे फुलांआधी विजेच्या मापकावर दिसते. डिसेंबरच्या अखेरीस इंग्लंडच्या मध्यभागात दिवस आठ तासांहून लहान असतो आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 14-15 अंश वर येतो. छतावरील सौरपट्ट्यांतून वीज नावापुरतीच मिळते आणि बॅटरीसाठी डिझेलचे इंजिन घरघरत ठेवावे लागते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस बारा तासांचा होतो, दुपारचा सूर्य सुमारे 37-38 अंशांवर चढतो आणि एके दिवशी इंजिन सुरू न करताही काम भागते. ती शांतता हाच येथला वसंतोत्सव म्हणावा! काठावर ब्लॅकथॉर्नच्या काटेरी झुडपांना पानांआधीच पांढरी फुले येतात. मात्र ही फुले असताना थंडी उलटून येते, तिला तिथले लोक ‘ब्लॅकथॉर्नचा हिवाळा’ म्हणतात. जाणता नावाडी म्हणूनच कोळशाचे शेवटचे पोते इतक्यात संपवत नाही.

निसर्गाचा ऋतू असा सैल होत असताना कायद्याचा ऋतू आवळू लागतो. कायमचा धक्का नसलेल्या नावेला, 1995च्या कायद्यानुसार, एका ठिकाणी सलग 14 दिवसांहून अधिक काळ थांबता येत नाही. परिस्थितीनुसार वाजवी असेल तरच अधिक मुदत मिळते. गोठलेला कालवा हे असे वाजवी कारण. काही जण पैसे भरून हिवाळ्यापुरता धक्का घेतात, त्याची मुदतही थंडीबरोबर संपते. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी बंद असलेले लॉक उघडतात. थोडक्यात, थांबण्याची कारणे एकेक करून गळून पडतात. ज्या घरातील मूल काठच्या गावातील शाळेत जाते किंवा ज्याला दर आठवड्याला त्याच दवाखान्यात उपचार घ्यायचे असतात, त्याला मोकळा झालेला कालवा पाहून निखळ आनंद होईलच असे नाही. शिवाय एप्रिल 2024पासून अशा फिरत्या नावांच्या परवान्यावर वाढीव आकारही लागू झाला आहे.

आपल्या परंपरेत शिशिर म्हणजे पानगळ आणि वसंत म्हणजे बहर, अशी जोडी रूढ आहे. ऊसतोडणीच्या पालावर किंवा धनगराच्या वाड्यावर राहणाऱ्याला मात्र ऋतुबदल आधी मुक्काम हलवण्याच्या रूपानेच भेटतो. नौकाजीवनाचे वाचन या अंगाने केल्यास ते फारसे परके वाटणार नाही.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एका निवासाची निवड करा, झोपडी, चाळीतील खोली, शेतातील घर, काहीही चालेल. एक ऋतू सरून दुसरा लागताना त्या घरात कोणती कामे बंद पडतात, कोणती नव्याने सुरू होतात आणि कोणता खर्च घटतो वा वाढतो, याचे दोनशे शब्दांत वर्णन करा. फुलांचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदापर्यंत करू नये.