सोयाबीनचा सॉस : बरणी, मीठ आणि सबुरीचा धंदा

अनसिंगच्या उपबाजारात दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची पोती येऊन पडतात. 2024-25 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, तरी खुल्या बाजारात अनेकांना त्याखाली माल द्यावा लागला. याच सोयाबीनचा काळा सॉस मात्र चायनीजच्या गाडीवर बाहेरगावाहून बाटलीत भरून येतो. तो घरी करता येतो काय, हे आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घ्यावे म्हणून हा लेख.

सॉस दोन प्रकारचा असतो. स्वस्त प्रकारात तेल काढलेली सोयापेंड हायड्रोक्लोरिक ॲसिडात उकळतात, सोड्याने ॲसिड मारतात आणि जळक्या साखरेचा रंग देतात. काम थोड्या दिवसांत उरकते. पण काळजी घेतली नाही तर त्यात क्लोरोप्रोपेनॉल जातीची अपायकारक द्रव्ये राहतात. दुसरा प्रकार मुरवलेला. चीन-जपानची ही जुनी रीत आहे. ती सांगतो.

1 किलो सोयाबीन रात्रभर भिजवावे व बोटाने चिरडेल इतके शिजवावे. 1 किलो गहू तांबूस भाजून जाडसर भरडावा. दोन्ही एकत्र करून कोमट होऊ द्यावे आणि त्यावर कोजी नावाच्या बुरशीचे विरजण चोळावे. स्वच्छ परातीत दोन बोटे जाडीचा थर पसरून ओलसर कापड झाकावे. 28 ते 30 अंशांची ऊब हवी. अठरा-वीस तासांनी माल आपोआप तापू लागतो. तेव्हा हाताने मोडून उलथापालथ करावी, नाहीतर विरजण मरते. दोन-तीन दिवसांत पांढरी, मग पिवळसर हिरवी बुरशी धरते.

येथे एक गोष्ट बजावून सांगतो. विरजण विकतच आणावे, खात्रीच्या ठिकाणचे. आम्ही पहिल्या खेपेला ‘हवेतली बुरशी आपोआप धरेल’ म्हणून माल तसाच झाकून ठेवला. बुरशी छान हिरवी आली. जाणकाराला दाखवली तर त्याने सगळी परात उकिरड्यात टाकायला लावली. कोजीची एक सख्खी बहीण याच रंगाची असते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे यकृत बिघडवणारे विष तयार करते. डोळ्यांनी दोघींत फरक कळत नाही. शिजवल्यानेही ते विष जात नाही. माल काळा-गुलाबी झाला किंवा सडका वास आला तर विरजण चांगले असले तरी फेकावा.

पुढे 4 लिटर पाण्यात 1 किलो मीठ विरघळवून त्यात हा माल चिनी मातीच्या बरणीत घालावा. मिठात कंजुषी नको; राखण तेच करते. पहिला आठवडा रोज ढवळावे, नंतर आठवड्यातून एकदा. सहा महिने तरी, वर्ष झाल्यास उत्तम. मग कापडातून पिळून, 80 अंशांवर अर्धा तास तापवून, गाळ बसल्यावर बाटल्या भराव्या. साधारण 3 लिटर सॉस हाती येतो. चोथा खारट असतो, तो रस्सा-चटणीत चालतो. गुरांना मात्र घालू नये.

आपल्याकडे कोजी धरायला मे महिना कामाचा नाही, उन्हात माल करपतो. नवे सोयाबीन घरात आले की हिवाळ्यात, दिवा लावलेल्या पेटीत हे काम करावे. पुढचा उन्हाळा बरणीला लाभतो.

हलालचा प्रश्न बंधू विचारतीलच. मुरताना गव्हाच्या साखरेपासून थोडे अल्कोहोल आपोआप तयार होते, शेकडा दोनच्या आसपास. तापवताना त्यातले काही उडते, सगळे नाही. गहू कमी किंवा मुळीच न घातलेल्या, जपानी लोक ज्याला तामारी म्हणतात, त्या सॉसमध्ये ते कमी असते. विक्रीला हात घालण्यापूर्वी ही माहिती आपल्या मुफ्ती साहेबांपुढे जशीच्या तशी ठेवावी व त्यांचे मत घ्यावे. गिऱ्हाइकापासूनही लपवू नये.

विकायचे तर अन्न सुरक्षा कायदा 2006 खाली नोंदणी लागते. खरी अडचण भांडवलाची. पैसा वर्षभर बरणीत अडकतो आणि ॲसिडवाला सॉस भावात नेहमीच खाली राहणार. म्हणून गाड्यांच्या मागे न लागता चवीला पैसे देणारी हॉटेले आणि घरगुती गिऱ्हाईक धरावे, आणि पहिल्या वर्षी दोन बरण्यांपेक्षा जास्त घालू नये.