हाक न पोचणाऱ्या जाळ्यातील मार्गशोधन

चंदिगढ हे शहर १ नोव्हेंबर १९६६ पासून पंजाब व हरियाणा या दोन राज्यांची राजधानी असून स्वतः एक केंद्रशासित प्रदेशही आहे. अशा ठिकाणास दूरदूरच्या कचेऱ्यांशी संगणकांच्या द्वारे संबंध राखावा लागतो. मार्च २००५ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या राज्यव्यापी जाळ्यांच्या योजनेत राजधानी, जिल्हा व विकासगट अशी उतरंड ठरविलेली होती. अशा जाळ्यात संदेशाचा मार्ग चुकला, तर जमिनीचा उतारा मागणारा मनुष्य कचेरीच्या खिडकीपाशी तिष्ठत राहतो.

संदेश कोणत्या वाटेने धाडावा हे ठरविणाऱ्या यंत्रास राउटर म्हणतात. मार्ग ठरविण्याच्या दुवास्थिती पद्धतीत प्रत्येक राउटर आपल्या दुव्यांची स्थिती इतर सर्वांस कळवितो. त्या माहितीवरून प्रत्येकाजवळ साऱ्या जाळ्याचा एकसारखा नकाशा तयार होतो. मग डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने तो आपल्यापासूनचा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग काढतो. ओएसपीएफ हा या पद्धतीचा एक सुप्रसिद्ध प्रोटोकॉल होय. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे जॉन मॉय यांनी लिहिलेले विवरण १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

नकाशा काढण्यापूर्वी शेजारी ओळखावे लागतात. एकाच इमारतीतील ईथरनेटवर हे सोपे असते. तेथे एकाने घातलेली हाक सर्वांस ऐकू जाते. राउटर सामान्यतः दर १० सेकंदांस अशी हाक घालतो. तथापि प्रत्येकाने प्रत्येकाशी नकाशा ताडून पाहावयाचा म्हटले, तर १० राउटरांत ४५ जोड्या होतात. म्हणून सर्वजण मिळून एक प्रमुख व एक उपप्रमुख निवडतात आणि या दोघांशीच आपले नकाशे जुळवितात.

एक्स-२५ व फ्रेम रिले या दूरगामी जाळ्यांचा स्वभाव निराळा होता. तेथे एका तारेवरून अनेक ठिकाणे गाठता येत. परंतु प्रत्येक ठिकाणाकडे जाणारे आभासी मंडल स्वतंत्र असे. सर्वांस एकदम ऐकू जाईल अशी हाक तेथे घालताच येत नसे.

समजा, चंदिगढहून अंबाला, कर्नाल व हिस्सार यांच्याकडे एकेक मंडल आहे. या तिघांमध्ये आपसांत एकही नाही. येथे हाक पोचत नसल्यामुळे शेजाऱ्यांचे पत्ते माणसाने राउटरास लिहून द्यावे लागतात. आता प्रमुखाची निवड राउटरांवरच सोडली व सर्वांचा अग्रक्रम सारखा असला, तर ज्याचा ओळखक्रमांक मोठा तो निवडून येतो. तो हिस्सारचा निघाला, तर अंबाला व कर्नाल यांस आपल्या प्रमुखाशी थेट बोलताच येत नाही. तारा शाबूत असतात, यंत्रांवरील दिवे पेटलेले असतात. मात्र नकाशा अपुरा राहतो. असा दोष सहजी दृष्टीस पडत नाही.

यावर उपाय दोन. पहिला असा, की अंबाला, कर्नाल व हिस्सार यांचा अग्रक्रम शून्य ठेवावा, म्हणजे ते निवडणुकीस उभेच राहत नाहीत आणि प्रमुखपद चंदिगढकडेच राहते. कोणी आधीच प्रमुख झालेला असल्यास नुसता अग्रक्रम वाढवून त्यास हटविता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. दुसरा उपाय म्हणजे हे सारे जाळे एकाच केंद्रातून निघालेल्या स्वतंत्र रेषांचा जुडगा मानणे. मग प्रमुखाची गरजच उरत नाही. दोन्ही उपायांत हाकेचा अवधी उभय टोकांस सारखाच हवा. एकाने १० व दुसऱ्याने ३० सेकंद धरले, तर ते परस्परांस शेजारी मानीत नाहीत.

एक्स-२५ व फ्रेम रिले यांचा वापर आता बहुतांशी संपला आहे. परंतु सार्वजनिक इंटरनेटवरून काढलेल्या सुरक्षित बोगद्यांच्या जाळ्यांत पुष्कळदा हाच आकार आढळतो, आणि त्याबरोबर हाच प्रश्नही.

वाचकांनी एक हिशेब करून पाहावा. एक केंद्र व २२ ठिकाणे असताना ताऱ्याच्या आकारात २२ मंडले पुरतात. प्रत्येकास प्रत्येकाशी जोडावयाचे तर २५३ लागतात. ही काटकसर मोठी खरी, परंतु जी ठिकाणे परस्परांस ऐकू शकत नाहीत, त्यांची ओळख करून देण्याचे काम तिच्यामुळे माणसाकडे येते.